‘रन’ म्हणजे नुसतं पळणं नव्हे : एक शब्द नीट ओळखण्याची रीत

इंग्रजी शिकायला लागलं की पहिल्या महिन्यातच ‘रन’ भेटतो. पुस्तकातल्या चित्रात एक मुलगा पळत असतो, खाली ‘ही रन्स’ असं लिहिलेलं असतं. आपण ‘रन म्हणजे पळणे’ असं घोकतो आणि पुढच्या शब्दाकडे वळतो. मग कधीतरी ‘शी रन्स अ स्मॉल कंपनी’ हे वाक्य समोर येतं आणि कंपनी काखोटीला मारून पळणारी बाई डोळ्यांपुढे उभी राहते.

भाषांतराची कामं नुकती घ्यायला लागलो होतो तेव्हाची गोष्ट. ‘द पेपर रॅन द स्टोरी ऑन फ्रायडे’ या वाक्याचं मी ‘वृत्तपत्राने शुक्रवारी गोष्ट पळवली’ असं करून टाकलं. तपासणाऱ्याने समासात एक प्रश्नचिन्ह काढलं, बाकी काही लिहिलं नाही. पेपरने बातमी छापली होती, कोणाची पळवली नव्हती. त्या प्रश्नचिन्हामुळे हा शब्द मी नव्याने शिकलो. तेव्हा हाती लागलेली रीत इथे पायरीपायरीने मांडतो. अर्थांची संपूर्ण यादी इथे मिळणार नाही, कारण तशी यादी कोणाच्याच डोक्यात मावत नाही.

पायरी पहिली : पळणं बाजूला ठेवा, ‘चालणं’ हाताशी धरा

ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी शब्दकोश 1884 ते 1928 या काळात भागाभागाने छापला गेला. त्यात सगळ्यांत लांब नोंद होती ‘सेट’ या शब्दाची. पुढे या कोशाची नवी आवृत्ती तयार होऊ लागली तेव्हा ‘रन’ने ‘सेट’ला मागे टाकलं. 2011 मध्ये जो आकडा समोर आला तो असा : ‘रन’च्या निव्वळ क्रियापदाचे 645 अर्थ. ही एक नोंद पुरी करायला एका कोशकाराचे नऊ महिने गेले. घाबरू नका. इंग्रजी मातृभाषा असलेला माणूसही ते 645 अर्थ पाठ करत नाही. त्याच्याजवळ एक मूळ चित्र असतं आणि त्यावरून तो नवा अर्थ ताडतो. आपल्यालाही तेच चित्र हवं आहे.

ते चित्र पायांचं नाही, पाण्याचं आहे. जर्मन भाषेत आजही ‘रिनेन’ म्हणजे वाहणे आणि ‘रेनेन’ म्हणजे पळणे, अशी दोन वेगळी क्रियापदं आहेत. इंग्रजीत त्या कुळातले शब्द एकमेकांत मिसळून एकच ‘रन’ उरला. त्यामुळे मुलगाही ‘रन’ करतो आणि नदीही. दोघांत समान काय, तर मध्ये न अडता पुढे जात राहणं. पुढे यंत्रं आली, आगगाड्या आल्या, वेळापत्रकं आली, संगणक आले. न थांबता काम करत राहणारी जी जी नवी वस्तू आली तिच्यासाठी इंग्रजीने हाच शब्द पुढे केला.

गंमत म्हणजे याच कामाला मराठीने दुसरा शब्द निवडला आहे. गाडी चालते, यंत्र चालतं, खटला चालतो, नाटक चालतं, संस्था चालते, प्रथा चालत येते. इंग्रजांची गिरणी पळते, आपली चालते. तेव्हा वहीत पहिली ओळ खोडा आणि नवी लिहा : रन म्हणजे चालणे, चालवणे, वाहणे, आणि पाय असतील तर पळणे. एवढ्या एका दुरुस्तीने निम्मी कोडी सुटतात.

रूपांचं लगेच उरकून घेऊ. रन, रॅन, रन. मधलं रूप फक्त भूतकाळाचं. ‘हॅज’ किंवा ‘हॅव’ आलं की पुन्हा ‘रन’, म्हणून ‘शी हॅज रॅन’ हे चूक. ‘रनिंग’ आणि ‘रनर’ लिहिताना ‘एन’ दोनदा येतो. देवनागरीत ‘रन’ आणि ‘रॅन’ यांतला फरक डोळ्याला दिसतो, पण बोलताना आपण तो पुसट करतो. तो जरा ठासून बोला.

पायरी दुसरी : कोण ‘रन’ करतंय ते विचारा

वाक्य दिसलं की आधी कर्ता शोधा. ‘रन’चा अर्थ निम्म्याहून अधिक वेळा कर्ताच सांगतो, आणि म्हणून माझ्या मते सगळ्यांत मोलाची पायरी हीच.

कर्ता माणूस किंवा प्राणी असेल आणि पुढे काही नसेल तर पळणं. इथे शंका नाही.

कर्ता द्रव असेल तर वाहणं. ‘द टॅप इज रनिंग’ म्हणजे नळ चालू राहिला आहे, पाणी वाहतंय. ‘हिज नोज इज रनिंग’ म्हणजे नाक वाहतंय. ‘टिअर्स रॅन डाउन हर चीक्स’ म्हणजे गालांवरून आसवं ओघळली. एकाच ‘रन’साठी मराठीत वाहणं, गळणं, ओघळणं अशी वेगवेगळी क्रियापदं लागतात. द्रव किती आणि कुठून जातोय हे आपण क्रियापदातच सांगतो. इंग्रजीला ते वेगळ्याने सांगावं लागतं.

रंगाचं जरा वेगळं आहे. ‘द कलर रॅन इन द वॉश’ याचं भाषांतर बहुतेक जण ‘रंग फिका पडला’ असं करतात. फिका पडणं म्हणजे ‘फेड’. ‘रन’मध्ये रंग सुटून पाण्यात उतरतो आणि पांढऱ्या सदऱ्याला जाऊन लागतो. नुकसान दुसऱ्या कपड्याचं होतं.

कर्ता यंत्र असेल तर चालू असणं : ‘द इंजिन इज रनिंग’. कर्ता बस किंवा आगगाडी असेल तर बहुधा वेळापत्रकाची गोष्ट असते. ‘द बस रन्स एव्हरी ट्वेंटी मिनिट्स’ म्हणजे बस दर वीस मिनिटांनी असते. ‘द ट्रेन इज रनिंग लेट’ हे ऐकून गाडी पळतेय म्हणून खूश होऊ नका. ती उशिराने धावते आहे. हा ‘उशिराने धावणे’ मराठीत आला तो बहुधा याच वाटेने, पण आता तो इतका रुळलाय की परका वाटत नाही.

आता खरी मौज. कर्ता रस्ता, भिंत, ओळ, भेग असं काही असेल तर हलत काहीच नाही आणि तरी ‘रन’ येतो. ‘द रोड रन्स अलाँग द रिव्हर’. रस्ता नदीकाठाने जातो. ‘अ क्रॅक रन्स अक्रॉस द सीलिंग’. छताला आडवी भेग गेली आहे. इथे रस्ता हलत नाही, आपली नजर त्याच्यावरून सरकते. मराठीही अशा ठिकाणी ‘जाणे’ वापरते, त्यामुळे हे समजायला जड जाऊ नये. अडचण येते ती बोलताना, कारण आपल्या तोंडी ‘द रोड गोज’ पटकन येतं. ते चूक नाही. ‘गोज’मध्ये रस्ता कुठे पोचतो हे मनात असतं, ‘रन्स’मध्ये तो कसा पसरलेला आहे हे.

कर्ता काळाशी बांधलेला असेल तर चालू राहणं किंवा मुदत असणं. ‘द कॉन्ट्रॅक्ट रन्स फॉर टू इयर्स’, करार दोन वर्षांचा आहे. नाटकाबाबत मात्र सावध. ‘द प्ले रॅन फॉर टू इयर्स’ म्हणजे त्याचे प्रयोग दोन वर्षं होत राहिले. ‘द प्ले रन्स फॉर टू अवर्स’ म्हणजे एक प्रयोग दोन तासांचा. क्रियापद तेच, मापाचा शब्द बदलला की अर्थ बदलला.

कर्ता रोग, गुण किंवा खोड असेल आणि पुढे ‘इन द फॅमिली’ असेल तर घराण्यात असणं. गाण्याचा गळा घराण्यात असतो, टक्कलही असतं. इंग्रजीत दोन्ही ‘रन’ करतात.

एक शेवटची जात. ‘रन’नंतर लगेच विशेषण आलं तर त्याचा अर्थ ‘होणे’ इतकाच उरतो. विहीर ‘रन ड्राय’ म्हणजे आटते, पैसे ‘रन शॉर्ट’ म्हणजे कमी पडतात, साठा ‘रन लो’ म्हणजे संपत येतो, पोरं ‘रन वाइल्ड’ म्हणजे मोकाट सुटतात. नीट पाहिलंत तर ही घसरण बहुधा वाईटाकडेच असते. श्रीमंत होण्याला ‘रन रिच’ असं कोणी म्हणत नाही. अपवाद ‘रन डीप’चा. ‘स्टिल वॉटर्स रन डीप’ ही म्हण सांगते की संथ पाणी खोल असतं. आपण तीच गोष्ट दुसऱ्या टोकाकडून सांगतो : उथळ पाण्याला खळखळाट फार.

पायरी तिसरी : कर्म आहे का ते पाहा

‘रन’च्या मागे थेट एखादी वस्तू आली की तो ‘चालवणे’ होतो. रन अ स्कूल, रन अ हॉटेल, रन अ टेस्ट, रन अ प्रोग्रॅम. शाळा चालवणे, हॉटेल चालवणे, चाचणी घेणे, संगणकावर प्रोग्रॅम चालवणे. सरळ आहे.

वाकड्या जागा थोड्याच आहेत, त्या एकदाच लक्षात ठेवल्या की झालं. ‘रन अ टेंपरेचर’ म्हणजे अंगात ताप असणे. ‘रन अ रिस्क’ म्हणजे धोका पत्करणे. ‘रन अ बाथ’ म्हणजे अंघोळीच्या टबात पाणी सोडणे. ‘रन अ रेड लाइट’ म्हणजे लाल दिवा असताना गाडी तशीच पुढे दामटणे. ‘रन अ‍ॅन एरंड’ म्हणजे काहीतरी आणून देणे, निरोप पोचवणे अशी बारीकसारीक कामं करणे. ‘आय विल रन यू होम’ असं कोणी म्हणालं तर तो तुम्हाला पळवत नेणार नाही, गाडीने घरी सोडणार आहे.

‘रन अ स्टोरी’ किंवा ‘रन अ‍ॅन अ‍ॅड’ यांत बातमी किंवा जाहिरात प्रसिद्ध करणं आहे, माझी ठेच इथलीच. छापील वृत्तपत्राबद्दल मी ‘छापली’ लिहितो. दूरचित्रवाणीच्या बातमीदारांत ‘बातमी चालवली’ असं सर्रास म्हटलं जातं. कानाला सुरुवातीला खटकतं, पण ‘रन’ला ‘चालवणे’ हा आपला नियम तिथे बिनचूक लागू पडलाय हे मान्य करावं लागतं.

पायरी चौथी : मागच्या छोट्या शब्दावर बोट ठेवा

इथे नवशिक्यांचा धीर सुटतो. आउट, इन्टू, ओव्हर, डाउन, अप, थ्रू, बाय. शब्द चिमुकले, पण वाक्य पार फिरवून टाकतात. सगळे एका दिवसात शिकायला जाऊ नका. रोज लागणारा एक धरा आणि त्याला पुरता पिळून घ्या. मी ‘रन आउट ऑफ’पासून सुरुवात करायला सांगेन.

दूध संपलं, हे आपण इंग्रजीत कसं सांगतो? ‘मिल्क इज ओव्हर’ किंवा ‘मिल्क इज फिनिश्ड’. ‘ओव्हर’ शोभतं सामन्याला, सभेला, सुट्टीला. ज्याला सुरुवात आणि शेवट असतो अशा गोष्टीला. साठ्यातली वस्तू संपली की ‘वी हॅव रन आउट ऑफ मिल्क’. इथे कर्ता माणूस आहे आणि ‘ऑफ’ हवाच. दूधच कर्ता केलं तर ‘ऑफ’ गळतो : ‘द मिल्क हॅज रन आउट’. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहा आणि दूध काढून पेट्रोल, वेळ, कागद, सबबी, धीर असं एकेक घालत जा. ‘आय अ‍ॅम रनिंग आउट ऑफ पेशन्स’, माझा धीर सुटत चाललाय. दहा वाक्यं झाली की हा प्रयोग जन्मभर पुरतो.

क्रिकेटमधला ‘रन आउट’ याचा चुलतभाऊसुद्धा नाही. तिथे ‘रन’ म्हणजे धाव आणि ‘आउट’ म्हणजे बाद, मराठीत धावबाद. ‘ही इज रन आउट’ म्हणजे तो धावबाद झाला. ‘ही हॅज रन आउट’ म्हणजे तो बाहेर पळाला. एवढ्याशा ‘इज’ आणि ‘हॅज’वर खेळाडू तंबूत जातो किंवा दाराबाहेर.

‘रन इन्टू’चे अर्थ समोर काय आहे त्यावर ठरतात. मित्र असेल तर योगायोगाने गाठ पडणे, झाड असेल तर आदळणे, अडचण असेल तर तीत सापडणे, आकडा असेल तर त्याच्या घरात जाणे. ‘द कॉस्ट रन्स इन्टू थाउजंड्स’, खर्च हजारांच्या घरात जातो. इथे एक व्याकरणाची गोष्ट पाळा : ‘रन’ आणि ‘इन्टू’ यांच्यामध्ये माणूस घालता येत नाही. ‘आय रॅन इन्टू हर’ बरोबर, ‘आय रॅन हर इन्टू’ नाही. उलट ‘रन बाय’मध्ये वस्तू मध्येच यावी लागते. ‘रन इट बाय मी’ म्हणजे ठरवण्याआधी माझ्या कानावर घाल. ‘कानावर घालणे’ इतकं चपखल भाषांतर इतर कुठल्या ‘रन’ला मिळालेलं मला तरी आठवत नाही.

‘रन ओव्हर’मध्ये गाडी कोणाला तरी चिरडते, भांड्यातलं ओतू जातं, बैठक वेळेबाहेर लांबते किंवा आपण यादीवरून पुन्हा नजर फिरवतो. चारही ठिकाणी काहीतरी काठ ओलांडतंय किंवा वरून जातंय. ‘रन डाउन’मध्ये काहीतरी खाली जातंय : बॅटरी उतरते, माणूस थकून जातो, इमारत मोडकळीस येते. कोणाला ‘रन डाउन’ केलं म्हणजे त्याला नावं ठेवली, तीही एक प्रकारे खालीच ओढण्याची क्रिया. ‘रन अप अ बिल’ म्हणजे बिल किंवा उधारी वाढवून ठेवणे. ‘रन थ्रू’ म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा पटापट करून पाहणे. ‘रन ऑफ विथ’ म्हणजे काही घेऊन पसार होणे, किंवा कोणाचा हात धरून पळून जाणे.

चिमुकल्या शब्दाचा स्वतःचा अर्थ आधी पकडला तर निम्मं काम होतं. ‘अप’ म्हणजे साठत वर जाणं, ‘डाउन’ म्हणजे उतरणं, ‘आउट’ म्हणजे उरलं नाही, ‘ओव्हर’ म्हणजे काठाबाहेर. सगळीकडे बसेल असं नाही, पण अंदाज बांधायला पुरतं.

पायरी पाचवी : नाम असेल तर आधी क्षेत्र ओळखा

आधी ‘अ’ किंवा ‘द’ आलं आणि मागे ‘रन’ आला की ते नाम. नामाचा अर्थ क्षेत्रागणिक बदलतो आणि त्या त्या क्षेत्रातल्या मराठी माणसांनी त्याला आपापले शब्द दिलेले आहेत.

गायनात ‘रन’ म्हणजे सुरांची वेगवान लड, आपल्याकडे तिला जवळचा शब्द तान. छपाईत ‘प्रिंट रन’ म्हणजे एका वेळी छापलेल्या प्रती. रंगभूमीवर ‘रन’ म्हणजे प्रयोगांची सलग मालिका. लंडनमधलं एक रहस्यनाटक 1952 पासून सुरू आहे आणि महासाथीमुळे 2020 मध्ये त्यात पहिल्यांदा मोठा खंड पडला, ती रंगभूमीवरची सगळ्यांत लांब ‘रन’. शेअर बाजारात ‘बुल रन’ म्हणजे टिकून राहिलेली तेजी. ‘ड्राय रन’ किंवा ‘ट्रायल रन’ म्हणजे खऱ्या कामाआधीची चाचणी, रंगीत तालीम म्हणा हवं तर. आणि ‘द रन्स’ असं अनेकवचन कोणी ओशाळून म्हणालं तर त्याला जुलाब होतायत, धावसंख्या विचारू नका.

‘अ रन ऑन द बँक’ हा प्रयोग बातम्यांत सारखा येतो, म्हणून दोन शब्द जास्त. बँक बुडणार या भीतीने ठेवीदार एकदम पैसे काढायला धावतात, ती ही ‘रन’. 2023 च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून ठेवीदारांनी 9 तारखेच्या एका दिवसात 42 अब्ज डॉलर काढायला मागितले आणि 10 तारखेला नियामकांनी बँक बंद केली. यात प्रत्यक्ष पळालं असं कोणीच नव्हतं, बोटं फोनवर चालली होती. शब्द मात्र जुनाच राहिला.

क्रिकेटच्या धावेचीही तीच तऱ्हा. फलंदाज खेळपट्टीवर खरोखर धावतो म्हणून ‘रन’, पण चेंडू सीमेपार गेला की जागचं न हलता चार मिळतात आणि त्यांनाही आपण धावाच म्हणतो.

‘रन’पासून बनलेले काही जोडशब्द आंधळेपणाने फोडू नयेत. ‘रनर-अप’ म्हणजे उपविजेता. तो आला कुत्र्यांच्या शर्यतींतून, तिथे शेवटच्या फेरीपर्यंत न हरता आलेल्या कुत्र्याला असं म्हणत. ‘रन-ऑफ-द-मिल’ म्हणजे साधारण, चारचौघांसारखं. गिरणीतून जसा निघाला तसा, न निवडता, न पारखता आलेला माल. ‘थ्री डेज रनिंग’मध्ये ‘रनिंग’ म्हणजे सलग. ‘ऑन द रन’ म्हणजे फरार. ‘इन द लाँग रन’ म्हणजे पुढे जाऊन, शेवटी. याचं ‘लांबच्या पळण्यात’ असं भाषांतर मी एकदा वाचलेलं आहे.

पायरी सहावी : समानार्थी शब्द निवडताना अर्थाची फांदी आधी ठरवा

लंडनमधले डॉक्टर पीटर मार्क रॉजे यांनी 1852 मध्ये आपला थिसॉरस, म्हणजे जवळच्या अर्थांच्या शब्दांचा कोश, प्रसिद्ध केला. त्यांनी शब्द वर्णानुक्रमे न लावता अर्थांच्या सुमारे हजार गटांत बसवले होते. आज आपण जे समानार्थी शब्द संगणकावर एका टिचकीत पाहतो ते या कल्पनेचे वंशज. फक्त यादीत शब्द एका रांगेत उभे असतात आणि ते एकमेकांच्या जागी चालतील असा भास होतो. तसं नसतं. ‘रन’ला एक समानार्थी शब्द नाही, त्याच्या प्रत्येक फांदीला वेगळे आहेत.

पायांची फांदी पाहा. ‘जॉग’ म्हणजे व्यायामासाठी संथ लयीत धावणं. ‘स्प्रिंट’ म्हणजे थोड्या अंतरासाठी जीव तोडून. ‘डॅश’ म्हणजे घाईने कुठेतरी पोचायला, म्हणून त्याला ठिकाण लागतं. ‘बोल्ट’ म्हणजे दचकून एकाएकी सुटणं, घोडा सुटतो तसं. आपलं धूम ठोकणं. ‘स्करी’ म्हणजे उंदरासारखं लुटूलुटू. ‘फ्ली’मध्ये संकटापासून पळणं आहे, इथे भीती महत्त्वाची, वेग नाही. ‘अ‍ॅब्सकाँड’ म्हणजे पैसे घेऊन किंवा कायद्याच्या हातून निसटून पोबारा करणं. हा कागदोपत्रीचा शब्द, पोराने वर्गातून पळ काढला तर तो शोभत नाही. सूंबाल्या करणं आणि काढता पाय घेणं यांत जसा फरक आहे तसाच हा, आणि तो आपल्याला कोणी शिकवलेला नसतो. इंग्रजीतला शिकावा लागतो, एवढंच.

कारभाराच्या फांदीवर ‘मॅनेज’, ‘ऑपरेट’, ‘कंडक्ट’, ‘अ‍ॅडमिनिस्टर’, ‘हेड’ असे बरेच बसलेत. ‘मॅनेज’ माणसं आणि पैसा सांभाळण्यावर भर देतो, शिवाय ‘कसंबसं जमवलं’ असाही त्याचा अर्थ आहे. ‘ऑपरेट’ यंत्राला आणि बससेवेसारख्या सेवेला शोभतो. ‘कंडक्ट’ प्रयोग, सर्वेक्षण, मुलाखत यांना. ‘अ‍ॅडमिनिस्टर’ला सरकारी वास आहे. ‘हेड’ फक्त पद सांगतो, काम सांगत नाही. या सगळ्यांपेक्षा ‘रन’ साधा आणि घरगुती आहे, आणि रोजच्या बोलण्यात तोच बरा. ‘आय मॅनेज अ स्मॉल शॉप’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं मालक दुसरा कोणी आहे. ‘ओन’ला तर यात आणूच नका : ‘शी ओन्स द कंपनी, बट हर ब्रदर रन्स इट’. मालकी बहिणीची, कारभार भावाचा.

पाण्याच्या फांदीवर ‘फ्लो’ संथ आणि सलग, ‘स्ट्रीम’ जोरकस, ‘ट्रिकल’ बारीक धार, ‘ड्रिप’ थेंबथेंब, ‘गश’ उसळून. काळाच्या फांदीवर ‘लास्ट’ आणि ‘कंटिन्यू’. रस्त्याच्या फांदीवर ‘एक्स्टेंड’ आणि ‘स्ट्रेच’.

शब्द बसतो का ते पाहण्याची सोपी कसोटी : वाक्यातला ‘रन’ काढा, नवा शब्द घाला आणि मोठ्याने वाचा. मग त्याच नव्या शब्दाचं दुसऱ्या कोणाच्या तरी लेखनातलं वाक्य शोधा. कर्ता किंवा कर्म जुळत नसेल तर तो शब्द तुमचा नाही. ‘ऑपरेट अ टेंपरेचर’ कुठेही सापडणार नाही. काही ठिकाणी ‘रन’ला पर्याय शोधू नये हेच खरं, तापासाठी फार तर ‘हॅव’ आहे.

पायरी सातवी : ब्रिटिश की अमेरिकन

ही पायरी छोटी आहे. निवडणुकीला उभं राहणं अमेरिकेत ‘रन फॉर ऑफिस’, ब्रिटनमध्ये परंपरेने ‘स्टँड’. मराठी उमेदवारही उभाच राहतो, म्हणून ब्रिटिश प्रयोग आपल्याला जवळचा. तलम मोज्याचा धागा सुटून उभी रेघ पडते ती अमेरिकेत ‘रन’, ब्रिटनमध्ये ‘लॅडर’. दोन्ही कळले पाहिजेत, लिहिताना एकाच बाजूला राहा.

पायरी आठवी : आता उलट दिशेने या

‘रन म्हणजे चालणे’ हे मी पहिल्या पायरीवर सांगितलं. त्याची दुसरी बाजू आता. इंग्रजीतून मराठीत येताना तो दिवा उजेड देतो, मराठीतून इंग्रजीत जाताना चकवतो. मराठी ‘चालणे’ स्वतःच इतकं पसरलेलं आहे की त्यातलं बरंचसं ‘रन’च्या आवाक्यात येत नाही.

पेन चालत नाही : ‘द पेन डझन्ट वर्क’. डोकं चालत नाही : तिथेही ‘वर्क’. ‘चहा चालेल?’ यात चालणारं कोणीच नाही, ‘वुड यू लाइक सम टी’ असं सरळ विचारा. ‘मला चालेल’ म्हणजे ‘दॅट्स फाइन विथ मी’. ‘तिच्यापुढे कोणाचं काही चालत नाही’ इथे तर मतलब सांगावा लागतो, शब्द नाही. ‘काय चाललंय?’ याला ‘व्हॉट्स गोइंग ऑन’. घड्याळाचं मात्र दोन्हींकडून जमतं : बंद पडलं तर ‘नॉट वर्किंग’, पाच मिनिटं मागे असेल तर ‘रनिंग फाइव्ह मिनिट्स स्लो’.

वहीचं एक पान आडवं धरा. डावीकडे ‘चालणे’ची मराठी वाक्यं लिहा, जशी तोंडी येतील तशी. उजवीकडे त्यांचं इंग्रजी. ज्या ओळीत ‘रन’ आला तिथे एक खूण करा. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा वीस ओळींत सहा खुणा झाल्या होत्या, आणि उरलेल्या चौदा ओळींनी मला ‘वर्क’, ‘गो’ आणि ‘डू’ शिकवले.

सरावाला पाच वाक्यं देतो. उत्तरं खाली आहेत, पण आधी कर्ता शोधा, मग कर्म, मग छोटा शब्द.

1. द मीटिंग रॅन ओव्हर.
2. म्युझिक रन्स इन देअर फॅमिली.
3. आय हॅव रन आउट ऑफ एक्स्क्यूजेस.
4. द फेन्स रन्स अराउंड द गार्डन.
5. कॅन आय रन समथिंग बाय यू?

पहिल्यात बैठक लांबली. दुसऱ्यात गाणं त्यांच्या घराण्यातच आहे. तिसऱ्यात सांगायला आता सबबी उरलेल्या नाहीत. चौथ्यात बागेभोवती कुंपण आहे आणि ते जागचं हललेलं नाही. पाचव्यात कोणीतरी तुमच्या कानावर काही घालू पाहतंय. थांबा आणि ऐकून घ्या.